नऊ ते दहा

तीर्थरूपांच्या हयातीत नल्लकुंट्याच्या आमच्या घरी दर रविवारी सायंकाळी मास्तरमंडळी जमत. १९०७ साली स्थापन झालेल्या विवेक वर्धिनीतले दोघे-तिघे, बाकीचे इतर शाळांतले. चहाच्या दोन फेऱ्या होत आणि कोणता पाठ फसला, कोणत्या मुलाला काय उमगत नाही, याची मोकळी चर्चा चाले. एकदा वडील सर्वांदेखत म्हणाले, "अपूर्णांक मला शिकवता येत नाहीत." आम्ही ते दाराआडून ऐकले आणि आमचा बालपणीचा एक समज कायमचा ढळला.

ती बैठक पुन्हा दिसली ती सूनबाईच्या हातातल्या मोबाईलवर. ती शहरातील एका शाळेत गणित शिकविते. दर गुरुवारी रात्री नऊ ते दहा तिला हाक मारलेली चालत नसे. आम्ही अर्थातच हे व्यसन समजलो. पुढे उलगडा झाला. ट्विटरवर ठराविक वेळी देशभरातले शिक्षक एका खुणेच्या शब्दाखाली जमतात. सूत्रधार क्रमांक घालून प्रश्न टाकतो आणि त्याच क्रमांकाने उत्तरे येत राहतात. अमेरिकेतील शिक्षकांनी २००९ साली दर मंगळवारी अशी चर्चा सुरू केली, तेव्हा एका संदेशात १४० अक्षरे मावत. २०१७ पासून २८०. (आमच्या खात्यात एवढ्यात 'उपरोक्त विषयास अनुसरून' हेच जेमतेम आटोपले असते.)

२०२१ साली शाळा पुन्हा भरल्या, तेव्हा तिच्या नववीतल्या कित्येक मुलांना भागाकार येईनासा झाला होता. घरात एकच फोन आणि शिकणारी भावंडे तीन, अशी ती मुले. तिने गुरुवारी सरळ विचारले, "नववीला भागाकारापासून सुरुवात कशी करू?" सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातल्या गुरुजींचे उत्तर तीन मिनिटांत आले. ४३२ भागिले १२ असेल, तर बाराचे दहा-दहा गट काढू द्या, तीनदा १२० गेले की ७२ उरतात, त्यात आणखी सहा गट, म्हणजे ३६. नेहमीची रीत नंतर. खेड्यातल्या मास्तरांनी शहरातल्या बाईंना शिकवावे, याचे आम्हास नवल वाटले. वास्तविक वाटू नये. आदल्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला होता आणि दहा लाख डॉलरांतील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ जणांना वाटून देण्याचे जाहीर केले होते.

पण तो प्रश्न कोणीतरी टिपून शाळेच्या व्यवस्थापनाकडे पोहोचविला. शाळेची बदनामी केली म्हणून लेखी खुलासा मागविण्यात आला. खुलासे लिहिण्यात आमची हयात गेलेली! आम्ही दीड पानी मसुदा तयार केला. त्यात 'अनवधानाने' हा शब्द दोनदा होता. सूनबाईने तो शांतपणे वाचला.

"बाबा, अनवधानाने नाही विचारलं मी. मुलांना येत नव्हतं म्हणून विचारलं."

"नोकरीचा प्रश्न आहे."

"मग स्टाफरूममध्ये विचारायचं कुणाला? तिथे सगळ्यांच्या मुलांना सगळं येतं."

तिने स्वतः चार ओळी लिहिल्या, त्यात दहाच्या गटांची रीतही घातली. ताकीद मिळाली, नोकरी राहिली. तीन गुरुवार मोबाईल कपाटावर पडून होता. नऊ वाजले की ती उगाच ओटा पुसत बसे. आमच्या मसुद्याविषयी ती पुन्हा बोलली नाही, आम्हीही नाही. चौथ्या गुरुवारी तिने ओळखीतून शाळेचे नाव काढले आणि पुन्हा बसली.

ट्विटरचे नाव २०२३ साली बदलले, बरेच जण व्हॉट्सॲपवरील गटांत पांगले. सूनबाईचे मंडळही तिथेच गेले. वार आणि वेळ मात्र तीच. गेल्या गुरुवारी तिने प्रथमच आम्हास हाक मारली.

"बाबा, आज अपूर्णांक आहेत. आजोबा कसे शिकवायचे?"

आम्हास रीत काही आठवेना. दाराआडून ऐकलेले ते एक वाक्य तेवढे आठवले, ते सांगितले. तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि तेच वाक्य जसेच्या तसे लिहून टाकले. पहिले उत्तर दोन मिनिटांत आले, "मलाही नाही." मग दुसरे, मग तिसरे. आम्ही चष्मा काढून पुसला आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढली.