तेविसावी पाकळी

आमचा रेडिओ गेला, रेडिओचे टेबल गेले, आणि गिरगावातल्या ज्या चाळीत ते टेबल होते ती चाळही गेली. राहिला तो रेडिओवरचा रुमाल. वीतभर रुंदीचा, पांढऱ्या दोऱ्याचा, टॅटिंगचा गोल रुमाल. अशा रुमालाला ‘डॉयली’ म्हणतात हे मला फार पुढे कळले. आमच्याकडे तो ‘आत्याचा रुमाल’.

आत्या बाविसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळाने माहेरी आली ती कायमची. शाळेत शिवणाच्या बाईंनी शिकवलेले टॅटिंग, एवढेच तिच्याजवळ स्वतःचे म्हणण्यासारखे होते. चाळीतल्या कुणा मुलीचे लग्न ठरले, की रुखवतासाठी आत्याकडे मागणी यायची. आत्या स्वतः मांडवात पुढे यायची नाही. तिचा रुमाल मात्र रुखवताच्या मधोमध, साखरेच्या तुळशीवृंदावनाखाली पसरलेला असायचा.

यंदा भाचीच्या मुलीचे लग्न ठरले आणि तिने मागितले काय, तर “आजी, आत्याच्या रुमालासारखा रुमाल दे. पण अगदी तस्साच नको हं, थोडा वेगळा!” या ‘थोड्या वेगळ्या’ने माझे तीन महिने खाल्ले.

ज्यांनी टॅटिंग केलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोरा घ्यायचा, उजव्या हातात होडीच्या आकाराचे शटल. (जर्मन लोक याला सरळ ‘होडीकाम’ म्हणतात. फ्रेंचांनी नाव ठेवले ‘फ्रिव्होलिते’, म्हणजे थिल्लरपणा, आणि इटलीत ते झाले ‘कियाक्केरिनो’, म्हणजे बडबड्या. हाताबरोबर बायकांचे तोंडही चालते, हे तिकडेही कुणाच्या तरी लक्षात आलेले दिसते!) गाठ मारायची शटलच्या दोऱ्याने, मग हलका झटका दिला, की ती उडी मारून हातावरच्या दोऱ्याची होते आणि शटलचा दोरा तिच्या पोटातून सरळ राहतो. अशा दोन अर्ध्या गाठींचा एक टाका. शेवटी शटलचा दोरा ओढला की वळे मिटते. मधेमधे सोडलेले फासे ते पिको. वळ्याला वळे सांधायचे ते त्यातूनच. मिटलेले वळे पुन्हा उघडणे मात्र महाकर्मकठीण. चूक उशिरा दिसली, की कात्री.

तेरेझ द दिल्माँ या बाईंच्या १८८६ सालच्या भरतकाम-विणकामाच्या ज्ञानकोशात टॅटिंगचे स्वतंत्र प्रकरण आहे. नमुने तिथे पुष्कळ. पण नमुना बदलायचा कसा, हे मला रुमालानेच शिकवले. तिसऱ्या फेरीतल्या कमानी पाच टाके, पिको, पाच टाके अशा होत्या. नाजूक दिसतील म्हणून मी त्या सात-सातच्या केल्या. रुमाल कोबीच्या पानासारखा उभा राहिला! चार-चारच्या केल्या, तर कडा वळून वाटी झाली.

“अगं, दह्यावर झाकायला बरी आहे,” हे म्हणाले.

यांनी जन्मभर गणित शिकवले. शेवटी कागद घेऊन त्यांनीच मांडून दाखवले: फेरी एक सेंटीमीटर उंच असेल, तर बाहेरचा घेर सव्वासहा सेंटीमीटरने वाढलाच पाहिजे, मग रुमाल चार बोटांचा असो की हातभर. कमी वाढला तर वाटी, जास्त वाढला तर कोबी. चौथी शिकलेल्या आत्याने हे कुठून काढले होते, देव जाणे.

मग मी आतल्या फेऱ्यांना हात लावायचा नाही असे ठरवले. दोरा चाळीस नंबरऐवजी जाड, वीस नंबरचा घेतला. त्याने रुमाल आपोआप ऐसपैस झाला. शेवटच्या फेरीपुढे कुणाला सांधायचे नसते, तिथे थोडी मोकळीक. त्या फेरीत प्रत्येक पाकळीच्या जागी तीन वळ्यांचे बेलाचे पान घालायचे, एवढाच बदल. त्यासाठी आत्याच्या रुमालाच्या पाकळ्या मोजल्या.

तेवीस. चष्मा पुसून मोजल्या, टाचणी लावून मोजल्या. तेवीसच! आतल्या फेरीचे पिको मात्र चोवीस. एक पिको आत्याने ओलांडला होता. तो रिकामाच आहे आणि तिथे कड किंचित उचललेली आहे. तेव्हा आठवले, की रेडिओवरची फुलदाणी कधीच मधोमध नसायची. धूळ पुसून मी ती मधे ठेवली, की आत्या मुकाट्याने उठून कडेला सरकवायची.

चुकलेला रुमाल रुखवतात कोण देणार? चोवीस पाकळ्यांचे सगळे चाळीतल्या मुलींबरोबर सासरी गेले. हा राहिला तो आमच्याकडे, आणि आम्ही इतकी वर्षे हाच तिच्या कामाचा नमुना म्हणून जपला.

नवऱ्या मुलीला फोनवर सांगितले, तर ती म्हणते, “मग माझ्याही तेवीसच कर.” हे म्हणतात, “चोवीस कर, घेराचे काय?” मला दोघांचाही राग आला. चूक आत्याला आवडली असती, तर तिने तिच्यावर फुलदाणी ठेवली असती का? आणि नकोच होती, तर कात्री तिच्या डब्यातच होती की! रुमाल काही तिने कापला नाही.

लग्न मार्गशीर्षात आहे. बेलाची बावीस पाने झाली आहेत. शटलवरचा दोरा काटकसरीने वापरला तर दोन पानांना पुरेल. काल रात्री शटल दिव्याखाली धरून पाहिले, आणि डब्यात ठेवून दिले.