आंजर्ल्याचे आठ दिवस

सहलीला गेल्याने माणसाला विश्रांती मिळते असे म्हणणारा गृहस्थ एकतर कधी सहलीला गेला नसावा, किंवा सहली नेणाऱ्या कंपनीत त्याची भागीदारी असावी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नऊ दिवसांत राजस्थानातली सहा शहरे पाहून मी घरी परतले, तेव्हा पाय सुजले होते, अंताक्षरीने घसा बसला होता आणि रात्री झोपेतसुद्धा शिट्टी ऐकू येत होती. आमचे व्यवस्थापक मोठे उत्साही. हातात झेंडी आणि गळ्यात शिट्टी. पाचला उठायचे, सहाला न्याहारी, सातला बस. आज पुढच्या बाकावर बसलेल्याने उद्या दोन ओळी मागे सरकायचे, म्हणजे कोणावर अन्याय नको. हवामहाल १७९९ साली बांधला आणि त्याला ९५३ खिडक्या आहेत, हे मला अजून पाठ आहे. पण त्या खिडक्यांतून वारा येतो की नाही, ते विचाराल तर सांगता येणार नाही. गाईडचे बोलणे संपायला आणि शिट्टी व्हायला एकच गाठ पडली होती.

तरीही या सहलींना मी नावे ठेवणार नाही. जैसलमेरच्या वाळूत बसून साजूक तुपाचा वरणभात जेवण्याची आपल्या लोकांची हौस थट्टेची खरी, परंतु आमच्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी काशी-रामेश्वर पाहिले ते अशाच कंपन्यांच्या आधाराने. एकटीदुकटीला कोण नेणार होते? प्रश्न एवढाच, की पाहणे झाले म्हणजे राहणे झाले असे नव्हे. आणि मला आता कुठेतरी नुसते राहायचे होते. सुट्टी अजून उरली होती. मी दापोलीची एस. टी. धरायचे ठरवले.

बहिणीला सांगितले तर तिचा पहिला प्रश्न, ‘एकटीच?’ आणि दुसरा, जरा आवाज उतरवून, ‘घरी काही झालंय का?’ पुरुष एकटा चार दिवस कोठे जाऊन राहिला तर लोक त्याला लहरी म्हणतात, फार तर अभ्यासू म्हणतात. बाई एकटी निघाली की तिच्या घराची चौकशी सुरू होते. मी बहिणीला म्हटले, ‘काही झालं नाही, म्हणून तर जाते आहे.’ तिला ते पटले नाही.

दापोलीहून आंजर्ल्याची गाडी डोंगर उतरू लागली, की झाडांच्या फटीतून समुद्र एकदा दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा दिसतो. शेजारीच मुर्डी. श्री. ना. पेंडसे या मुर्डीचे. ‘गारंबीचा बापू’ १९५२ साली आली आणि हा सगळा मुलूख मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. वर्गात ती कादंबरी शिकवताना मी पोफळीच्या बागांविषयी पुष्कळ बोलत आले आहे. पोफळीखालची सावली अंगावर कशी पडते हे मात्र इथे कळले. ती गार असते, पण अंधारी नसते.

हर्णैकडून येणारे लोक पूर्वी तरीतून खाडी ओलांडत. आता पूल आहे. मी उतरले त्या घरावर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी होती. साठीच्या पलीकडचे काका-काकू आणि एक मांजर. पुढे ओटी, मागे वाडी आणि वाडीच्या टोकाला सुरूची झाडे. ती ओलांडली की वाळू. काकूंनी माझ्या मागे पाहिले. कोणी आले नाही, तेव्हा त्यांनी माझी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, ‘मंडळी मागनं यायची आहेत का?’

पहिले दोन दिवस मी काहीही केले नाही, आणि ते वाटते तितके सोपे नाही. पाचला डोळे उघडत, शिट्टीची सवय. चहा घेऊन किनाऱ्यावर गेले की आता पुढे काय, असे मन विचारी. पुढे काही नव्हते. ओहोटीच्या ओल्या वाळूवर बोटाच्या पेराएवढे खेकडे बिळातून येत, वाळू तोंडात घालून तिच्यातले खाणे टिपत आणि उरलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या करून मागे टाकीत. बिळाभोवती त्या गोळ्यांची रांगोळी होई, आणि भरती ती पुसून टाकी. मी एका सकाळी एकाच बिळापाशी तासभर बसले. सहलीत एवढ्या वेळात दोन किल्ले आणि एक हस्तकलेचे दुकान झाले असते.

मी पोचले ती त्रिपुरी पौर्णिमा. दुपारी बाराला पाणी सुरूंच्या मुळांपर्यंत आले होते. काका म्हणाले, ‘आज उधाण आहे.’ मग त्यांनी मला भरतीचा हिशेब शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. आला तो भरतीचा वाजण्याचा सुमार. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पंचांग आणि घड्याळ यांची इतकी सोयीची सोयरीक मी पाहिली नव्हती. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ एकमेकींना आडवी होते, तेव्हा ना धड भरती ना धड ओहोटी. या दुबळ्या भरतीला भांगाची भरती म्हणतात. इतकी वर्षे भाषा शिकवते आहे. भांग केसांत आणि फार तर शेतातल्या बांधावर पाहिली होती, पाण्यात ती पहिल्यांदाच भेटली.

दक्षिणेला पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. रात्री कनकदुर्गावरच्या दीपगृहाचा झोत ठरल्या वेळाने फिरत राही. आंग्र्यांचे हे जलदुर्गाचे वैभव १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतले, आणि त्याला तुळाजी आंग्र्यांविरुद्ध साथ होती ती पेशव्यांची. आपल्या आरमाराचा आधार आपल्याच हाताने काढल्याची ही गोष्ट मला शाळेत कोणी नीट सांगितल्याचे आठवत नाही. किल्ल्यावर होडी जाते. मी गेले नाही. आठ दिवस नुसता समोर पाहिला, सकाळी करडा, दुपारी काळा, संध्याकाळी तांबूस, आणि मला तो हवामहालापेक्षा जास्त ओळखीचा झाला आहे.

कड्यावरच्या गणपतीला मात्र गेले. गणपती पूर्वी खाली समुद्राकाठी होता आणि पाणी पुढे येऊ लागले तसा तो कड्यावर जाऊन बसला, असे गावात सांगतात. वरून सगळे आंजर्ले माडांखाली झाकलेले दिसते, परंतु मध्येच उघडी चौकोनी ठिगळे आहेत. त्या ठिगळांचे कारण मला काकूंकडून कळले.

३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. काकूंच्या वाडीत दीडशे पोफळी आणि चाळीस माड होते. ‘दुपारी कौलं उडायला लागली तेव्हा आम्ही माजघरात जाऊन बसलो,’ त्या सांगत होत्या. ‘आवाज असा, की झाड पडलेलंसुद्धा ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी दार उघडलं तर अंगणात उजेडच उजेड. मला वाटलं, हे काय झालं? मग कळलं, सावली गेली.’ उभे राहिलेले माड होते अकरा. वीज यायला महिना लागला. पोफळ फळायला पाच-सहा वर्षे, बाणवली माड सहा-सात वर्षे घेतो. साठीच्या माणसाने हे गणित कसे करायचे? काकांनी ते केले नाही. त्यांनी दापोलीहून रोपे आणली आणि लावली. आता ती माझ्याहून उंच आहेत. मधल्या वर्षांत घर चालावे म्हणून ओटीच्या बाजूची खोली पाहुण्यांना द्यायला काढली आणि ती पाटी लावली. तोवर या घरात पैसे देऊन कोणी जेवले नव्हते. पहिल्या पाहुण्याचे पैसे हातात घेताना काकांना लाज वाटली, ते काकूंनीच घेतले.

त्या दिवसापासून माझ्या ताटातल्या कुळथाच्या पिठल्याकडे आणि सकाळच्या घावनांकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागले. माझी रिकामी सकाळ उजाडावी म्हणून कोणीतरी साडेचारला चूल पेटवीत होते. मी भांडी घासू लागले, तर काकूंनी हात धरला. ‘पैसे देतेस ना? मग बस.’ पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला ‘तू’ म्हटले. दुसऱ्या दिवशी पोफळे सोलताना त्यांनीच मला शेजारी बसवून घेतले.

चौथ्या की पाचव्या दिवशी हर्णैचा लिलाव पाहून आले. होड्यांतली मासळी बैलगाड्या पाण्यात शिरून किनाऱ्यावर आणतात आणि वाळूतच बोली लागते. सगळे हिशेब बायकांच्या तोंडी. कासवांची चौकशी केली. २००२ साली वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने अंडी राखण्याचे काम सुरू केले, आता आंजर्ल्यालाही ते होते. वाळू जितकी उबदार तितक्या पिल्लांत माद्या अधिक, हे ऐकून मौज वाटली. मी होते तोवर एकही कासव आले नाही.

काकूंना मी विचारले, ‘तुम्ही किनाऱ्यावर येऊन बसत नाही?’

‘जाते की. गणपती पोचवायला.’

‘आणि एरवी?’

‘एरवी काय काम?’

चाळीस वर्षे ज्या बाईच्या घरामागे समुद्र वाजतो आहे, तिने हे कोणतीही तक्रार न करता सांगितले. मीच जास्त अस्वस्थ झाले. नंतर वाटले, मी तरी घराच्या बाल्कनीत रिकामी कधी बसले आहे? त्यासाठी मला दोन गाड्या बदलून यावे लागले.

शेवटच्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मी वाळूवर बसले होते. मागे सुरूत पावले वाजली. काकू आल्या. हात पदराला पुसत, जणू माझे काही विसरले होते ते द्यायला आल्यात. म्हणाल्या, ‘दूध तापवून झाकून आले.’ मग माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या, पाय पोटाशी घेऊन. थोडा वेळ कोणता माड कोणत्या दिशेला पडला होता ते सांगितले. मग बोलणे थांबले. सूर्य सुवर्णदुर्गाच्या उजवीकडे बराच खाली आला होता. पाण्याची एक पातळ लाट वर येऊन आमच्या पायांपासून चार हातांवर थांबली, तशा काकू लगबगीने उठल्या.

‘भरती लागली. चल, भिजशील.’

मी म्हटले, ‘आज अष्टमी आहे काकू. भांग आहे. पाणी इथवर नाही यायचं.’

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पाण्याकडे पाहिले, आणि हसून पुन्हा खाली बसल्या.