पद्मिनीचे चिन्ह

नेवाशातील एका कापड व्यापाऱ्याच्या घराशेजारच्या पडवीत १९८३ सालापासून एक प्रीमियर पद्मिनी उभी होती. गेल्या दिवाळीनंतर ती विकावी असे घरात ठरले. कारणे रास्त होती. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. सुटे भाग मिळत नाहीत. आणि ज्यांच्यासाठी ती गाडी राखली होती त्या शेठजींना अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वाहन चालविण्याची मनाई झाली होती. पुण्याच्या एका संग्राहकाने फोनवर किंमत मान्य केली. तेव्हा शेठजींनी सांगितले की गाडी देण्यापूर्वी तिच्यावरील चिन्हे आणि अक्षरे रंगवायची आहेत, आणि ती घरीच, स्वतःच्या हाताने.

"दादाजी, गाडी जाणारच आहे. मग हा खटाटोप कशासाठी?" नातवाने विचारले.

"ठाण उघडून दाखवल्यावर गिऱ्हाइकाला देताना आपण पुन्हा घडी घालून देतो ना? तसेच हे," शेठजी म्हणाले.

चिन्हांची अवस्था खरोखर वाईट होती. दर दसऱ्याला झेंडूचा हार पुढच्या जाळीला तारेने बांधला जाई आणि ती तार चिन्हावर घासे. कुंकवाचा ओला हात लागे, नारळाचे पाणी ओघळे, ते खोलगट रेषांत साचून वाळे. ज्या पूजेने गाडीचा मान राखायचा, तिनेच तिचे नाव पुसट केले होते. बहुतेक घरांतील वाहनांची हीच कथा आहे; फक्त दहा वर्षांत गाडी बदलली जात असल्याने ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

ब्रश आणि सल्ला बाजारातील पाट्या रंगविणाऱ्या पेंटरकडून मिळाला. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहमदनगरऐवजी अहिल्यानगर झाल्यापासून त्याच्याकडे पाट्यांवरील पत्ते बदलण्याचे काम होते. त्याने बारीकात बारीक, शून्य क्रमांकाचा ब्रश दिला आणि बजावले की थिनर जपून वापरावा. हा तीव्र थिनर गाडीचा मूळ रंग क्षणात मऊ करतो. नव्या गाड्यांची चिन्हे तर प्लास्टिकवर मुलामा दिलेली असतात, ती त्याने विरघळूही शकतात. जुनी चिन्हे धातूची, म्हणून थोडी सोय. पण ती काढून घेण्याचा मोह टाळावा असेही त्याने सांगितले. ती मागच्या बाजूने बारीक खुंट्यांनी बसवलेली असतात, ओतीव धातू चाळीस वर्षांत ठिसूळ होतो, आणि एक खुंटी तुटली की ते अक्षर पुन्हा जागेवर बसत नाही.

म्हणून चिन्हे जागेवरच ठेवली. प्रथम साबणाच्या पाण्याने आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने मळ काढला. मग स्पिरिटने चिकटपणा पुसला, कारण तेलकट पृष्ठभागावर रंग धरत नाही. भोवतालच्या पत्र्यावर मास्किंग टेप लावली. टेप लावण्याचे काम नातवाने केले आणि शेठजींनी ते दोनदा उसकटून पुन्हा करवून घेतले. सुटलेला जुना रंग बांबूच्या टोकदार काडीने खरवडायचा होता. धातूचे टोक वापरले असते तर मुलाम्यावर ओरखडे उमटले असते.

जाळीवरच्या चिन्हातील लाल रंगाचे पापुद्रे काडीने सहज निघू लागले. त्याखाली काळा रंग होता, घट्ट बसलेला. शेठजींचा हात थांबला.

तो लाल रंग त्यांच्या धाकट्या भावाने दिला होता. गाडी घरी आल्यावर दोन-तीन वर्षांनी, एका दिवाळीत, दुकानातल्या फळीला रंग देऊन उरलेल्या डब्यातून. कोणालाही न विचारता. त्यावरून त्या वेळी दोघा भावांत बोलाचाली झाली होती, कारण कारखान्यातून आलेल्या वस्तूला हात लावणे थोरल्याला मान्य नव्हते. पुढे धाकटा भाऊ अकाली गेला. लाल रंग मात्र राहिला, आणि त्याविषयी घरात कोणी कधी काही बोलले नाही.

त्याच दुपारी गाड्यांचा एक दलाल आला. त्याने काम पाहिले आणि एक सूचना केली. पद्मिनीची अक्षरे कशाला रंगवता? फियाटची जुन्या नमुन्याची चिन्हे विकत मिळतात. ती बसवली तर हौशी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजेल. दोन्ही गाड्या दिसायला जवळपास सारख्याच.

ही सूचना ऐकायला जितकी सोपी, तितकीच खोल आहे, कारण तिच्यात अर्धे सत्य आहे. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातील प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून १९६४ पासून तेथे 'फियाट ११०० डिलाइट' तयार होऊ लागली. पुढे करार संपत आला तेव्हा परक्या कंपनीचे नाव लावता येईना. १९७२ च्या अखेरीस तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. दहा वर्षांत तीन नावे. लोकांच्या तोंडी मात्र ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतील तिचा शेवटचा प्रवास ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, तेव्हाही अनेकांनी फियाटलाच निरोप दिला.

नातवाने नेमके हेच मांडले. "यंत्र तेच, साचा तोच. मग नाव खोटे कसे?"

शेठजींचे उत्तर व्यापाऱ्याचे होते. "आपली पेढी आजोबांच्या नावाने होती. वाटण्या झाल्या. नंतर दोघांकडे माल एकाच मिलचा येत असे. पण मी धाकट्या काकांच्या दुकानाचे नाव माझ्या बिलावर छापले असते तर? कापड तेच, पण कापड फाटले तर गिऱ्हाइकाने कोणाच्या ओट्यावर यायचे?"

नाव म्हणजे वस्तूचे वर्णन नव्हे. नाव म्हणजे जबाबदारी कोणाची याची नोंद. ज्या दिवशी कुर्ल्याच्या कारखान्याने इटलीचे नाव उतरवून स्वतःचे लावले, त्या दिवसापासून गाडीच्या बऱ्या-वाईटाचा धनी तो कारखाना झाला. ते धनीपण पुसून दुसऱ्याचे लावणे म्हणजे हुंडीवरील सही बदलणे होय. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे, तो हाच: अस्सलासारखे दिसणारे अस्सल म्हणून देणे. कापड बाजारात ठाणाच्या काठावर नामांकित मिलचे नाव छापून हलका माल खपविणारे पूर्वी येत असत. शेठजींनी अशांना ओट्यावर बसू दिले नव्हते. दलालाला मात्र चहा दिला, आणि चहानंतर विषय बदलला.

फियाटचा प्रश्न असा चटकन सुटला. लाल की काळा, हा सुटेना. संग्राहकाला फोनवर विचारले, तर तो म्हणाला की रंग मूळचा असेल तर उत्तम, लाल नको. याच न्यायाने पाहिले तर शेठजींनी काळाच द्यायला हवा होता. पूर्वी भावाशी ते ज्यासाठी भांडले तीच बाजू आता गिऱ्हाईक मांडत होते. दोन दिवस डबा उघडला गेला नाही. भावाच्या पत्नीने या दोन दिवसांत एकदाच पडवीत डोकावून पाहिले आणि नातवाला विचारले, "लाल काढला का रे सगळा?"

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना शेठजींनी लाल इनॅमलचा डबा उघडला. हात थरथरत असल्याने त्यांनी मनगट एका पुस्तकाच्या गठ्ठ्यावर टेकले होते. ब्रशाने रंग पसरायचा नसतो. टोकावर थेंब घेऊन तो खोलगट भागात सोडायचा आणि कडेपर्यंत आपोआप वाहू द्यायचा. उंच कडांवर गेलेला रंग, पुठ्ठ्याच्या सपाट तुकड्यावर ताणून गुंडाळलेल्या व टर्पेंटाइनने किंचित ओलावलेल्या फडक्याने एका दिशेने पुसायचा. सैल फडके खाचेत शिरते आणि भरलेला रंग उचलते. पहिला थर एक दिवस वाळू दिला, मग दुसरा. नातवाने आपल्या नव्या मोटारीचे चकचकीत चिन्ह काळे करून घेण्याचा बेत ठरवला होता. काही नव्या मोटारींत समोरच्या चिन्हामागे रडार असते आणि रंगाचा थर त्याच्या कामात अडथळा आणू शकतो, हे त्याला याच दिवसांत समजले. त्याने बेत तूर्त बाजूला ठेवला.

विक्रीच्या कागदावर शेठजींनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: पुढील चिन्हातील लाल रंग मूळचा नाही, मूळ काळा रंग त्याखाली शाबूत आहे. ती वाचून संग्राहकाने ठरलेल्या रकमेतून काही कमी करावे असे सुचवले आणि शेठजींनी वाद न घालता पाच हजार रुपये कमी केले.

गाडी फाटकाबाहेर काढण्यापूर्वी संग्राहक चिन्हापाशी वाकला. "काका, हा लाल काढायचा झाला तर कशाने काढावा? खालचा काळा तर जाणार नाही ना?"

शेठजी त्याच्याजवळ गेले. थिनर लावू नये. काही वर्षांनी कडेला पापुद्रा सुटू लागेल, तेव्हा बांबूची काडी घ्यावी, टोक तिरके धरावे, आणि डावीकडून सुरुवात करावी, असे त्यांनी त्याला सावकाश सांगितले. मग पडवीत जाऊन उरलेली काडी आणून त्याच्या हातात दिली.