परीच्या धुराड्यात मुक्काम

तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियाला जाणाऱ्या जोडप्यांच्या कार्यक्रमात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. दगडात कोरलेल्या खोलीत मुक्काम आणि पहाटे हॉट एअर बलूनची सफर. खोली झोपण्यापुरती, बघायचा तो बलून. मी भूशास्त्राचा माणूस, आणि माझ्या मते हा हिशेब उलटा मांडलेला आहे. तिथलं पहिलं प्रेक्षणीय स्थळ ती खोलीच आहे. तिच्या भिंती वाचता आल्या तर बाहेरच्या दऱ्या समजू लागतात. ते जमलं नाही, तर टोपलीतून खाली दिसते ती सुळक्यांची गर्दी. फोटोला छान, बाकी अबोल.

त्या प्रदेशाचं भांडवल म्हणजे राख. एर्जियेस (3,917 मीटर) आणि हसनदाग हे ज्वालामुखी आज क्षितिजावर दिसतात, पण राखेचे थर त्यांच्याही आधीपासून, गेल्या सुमारे एक कोटी वर्षांत साचत आले आहेत. ही राख दबून, घट्ट होऊन जो दगड झाला तो टफ. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, म्हणजे कठीण बेसॉल्टचा; त्यात वेरूळचं कैलास लेणं कोरायला राजाचा खजिना आणि कारागिरांची फौज लागली. टफमध्ये खोली काढायला एका कुटुंबाची कुदळ पुरते. ताजा कापलेला टफ मऊ असतो, हवा लागली की त्याचा पृष्ठभाग कडक होतो. घर बांधणाऱ्याला याहून सोयीचा दगड कुठला? बाहेरचे सुळकेही याच मऊपणातून आले. वर कठीण थराची टोपी राहिली, आजूबाजूचा टफ पावसाने वाहून गेला, टोपीखालचा खांब तेवढा उरला. तुर्की लोक त्याला ‘पेरी बाजास’ म्हणतात, परीचं धुराडं. यातली परी आणि आपली परी एकाच फारसी घरातल्या.

आता खोलीत शिरू. जुनी खोली असेल तर भिंतीवर हाताने मारलेल्या टाकीचे वाकडेतिकडे ओरखडे दिसतात. एकसारख्या समांतर रेषा म्हणजे बहुधा यंत्राचं काम. जमिनीत गोल खड्डा आढळला तर तो तंदूर. तुर्कीतही शब्द ‘तांदिर’च, थंडीत त्याभोवती घर जमायचं. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर ओळीने खाचा असतील तर ती गव्हाण, म्हणजे हनिमूनची खोली एके काळचा गोठा! उताराची कुंडी आणि पुढे छोटी पन्हळ दिसली तर तिथे द्राक्षं तुडवली गेली असणार. खोलीतला गारवाही पुरावाच आहे. जाड दगड उन्हाळ्याची झळ आणि हिमाचा कडाका दोन्ही बाहेर थोपवतो, म्हणून इथल्या ऑर्ताहिसार गावच्या गुहांमध्ये भूमध्य किनाऱ्यावरची लिंबं आणून महिनोन्‌महिने साठवतात. ज्या गुणामुळे लिंबू टिकतं, त्याच गुणामुळे पाहुण्याला रात्री जाड रजई लागते.

यावर पहिला आक्षेप असा, की ही हॉटेलं म्हणजे सजावट. जुन्या गुहेत गरम पाण्याचा टब कुठे होता? आक्षेप अर्धा खरा आहे, आणि माझ्या विषयाच्या अंगाने तो अधिकच गंभीर. टफ सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि ओला झाला की त्याची ताकद घटते. एक गळका पाइप शतकांच्या पावसाचं काम लवकर उरकू शकतो. म्हणून निवड करताना टबाच्या आकारापेक्षा खोलीत हवा खेळते का, भिंतीला ओल आहे का, हे आधी विचारावं. दमेकऱ्याने तर विचारावंच. पण वस्ती हटवली की दगड वाचतो, हेही खरं नाही. झेल्वे गाव कडे कोसळण्याच्या भीतीने 1952 साली रिकामं केलं गेलं. झीज त्यानंतरही थांबलेली नाही. भेग वेळीच बुजवणारं, पाण्याला वाट करून देणारं माणूस घरात असणं ही दगडाची मोठी देखभाल असते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, की दुसऱ्यांच्या सुटलेल्या घरांत आपण प्रणय साजरा करतो. 1923 च्या करारान्वये लोकसंख्येची अदलाबदल झाली आणि इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांना ग्रीसला जावं लागलं. त्यांचं सिनासोस आज मुस्तफापाशा म्हणून ओळखलं जातं. याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सुचवेन, की कमानीवरचं कोरीवकाम बघताना ते कुणाचं हे माहीत असावं.

मग बलून नकोच का? हवा, पण शेवटाकडे. आधी दोन दिवस पायी. गोरेमेहून उचहिसारकडे जाणारी कबुतरांची दरी घ्या. कड्यांत कोरलेली खुराडी पक्षिप्रेमातून आलेली नाहीत, द्राक्षमळ्यांना विष्ठेचं खत हवं होतं. गुलाबी दरीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. तो बघायला संध्याकाळचं तिरपं ऊन लागतं. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी इहलारा दरीच्या तळातून मेलेंदिझ नदीच्या काठाने चालावं. खाली उतरायच्या पायऱ्या पुष्कळ, पण पुढची वाट बरीचशी सपाट. बलून पहाटेच उडतात, कारण ऊन चढलं की तापलेली हवा वर उठून उड्डाण बेभरवशाचं होतं. वाऱ्यामुळे ती रद्दही होतात. म्हणून आरक्षण शेवटच्या नव्हे, शेवटून दुसऱ्या पहाटेचं करावं. वर गेल्यावर बायकोने बोट दाखवून ‘ती आपली कालची वाट’ म्हणावं आणि नवऱ्याने ‘नाही, ती पलीकडची’ म्हणून वाद घालावा, इतकी ओळख तोवर झालेली असते.