दुसरा बोजा

माझे वडील पेपर हातात आला की आधी निधनवार्ता वाचायचे. मी हल्ली जाहीर नोटिसा वाचतो. कर्जदाराचं नाव, जामीनदारांची नावं, येणे रक्कम, मग मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्यांचं घर. त्या अमक्यांनीही ती नोटीस चहा पिता पिता वाचलेली असते. बाकीची शिक्षा नंतर.

ही सवय लागली सांगलीच्या आतेभावामुळे. दादाचं दुकान मारुती रोडला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा माल, फर्निचर, सगळं गेलं. विश्रामबागच्या घरावर बँकेचं गृहकर्ज आधीच होतं. दुकान परत उभं करायला त्याच घरावर एका पतसंस्थेचं कर्ज काढलं. बँकेनं ना हरकत दाखला दिला, गहाणखत नोंदलं गेलं आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर दुसरा बोजा चढला. जामीनदार दोन. त्यातला एक वहिनीचा भाऊ, तासगावला शिक्षक. मग २०२० आलं. पुढचं सांगायला नको.

पण सांगतोच. हप्ते दोन आणि पैसे एकाचेच. अशा वेळी माणूस मोठ्याला आधी भागवतो. बँकेचा हप्ता चुकला तर घर जाईल. पतसंस्था काय, आपलीच माणसं, चेअरमन ओळखीचे, सांभाळून घेतील! दादाचं गणित हेच होतं, आणि त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, कारण मी विचारलं त्या बहुतेकांचं हेच असतं.

बँकेची भीती खोटी नाही. तिच्या हातात २००२ चा सरफेसी कायदा आहे. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक, मग ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग लिलाव, आणि त्यासाठी आधी दिवाणी दावा लावायची गरज नाही. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो का, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. ते मिटलं आपल्या शेजारच्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात. ५ मे २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, लागू होतो.

पतसंस्था बँक नव्हे, म्हणून सरफेसी नाही, म्हणून लोक निर्धास्त. घोटाळा इथेच आहे. तिच्याकडे १९६० चा सहकार कायदा असतो. कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घ्यायचा आणि कलम १५६ खाली वसुली अधिकाऱ्यानं जप्ती आणायची. दाखल्याविरुद्ध वर फेरतपासणी मागायची तर वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरा! ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत त्यानं निम्मे कुठून आणायचे, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक. शिवाय घर विकलं तर सहसा पहिल्या बोजावाल्याचं आधी फिटतं, दुसऱ्याला उरलंसुरलं. म्हणून धीर आधी सुटतो तो दुसऱ्याचाच, आणि जामीनदार तर हाताशीच असतो.

वहिनीला थकबाकी कळली ती भावाच्या फोनवरून. "ताई, शाळेत रजिस्टर आलंय माझ्या नावचं." हेडमास्तरांसमोर सही करून घेतलेलं.

त्या रविवारी मी साताऱ्याहून गेलो. दादा कपाटातून पाकिटं काढत होता, त्यातली तीन न फोडलेली. वहिनी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पाणी चढत होतं तेव्हा सगळी गल्ली एकमेकांना हाका मारत होती. तुम्हाला हाक मारायला काय झालं होतं?" दादाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

थोडं विषयांतर करतो. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. त्याची एक ठिणगी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या कोकरूडला पडली होती. आज ते सांगलीत. मग १८७९ चा कायदा आला, पुणे, सातारा, नगर, सोलापूरसाठी. त्यात कोर्टाला रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून हिशोब अगदी पहिल्यापासून तपासता येई. मला हे कधीतरी वाचलेलं आठवलं, आणि आम्ही पतसंस्थेकडे पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा मागितला. मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज किती. पाकिटांतल्या आकड्यापुढे नुसतं घाबरून बसलेल्या दादानं त्या दिवशी पहिल्यांदा पेन्सिल हातात घेतली.

दंडव्याजावर घासाघीस झाली. चार खेपा मारल्यावर एकरकमी परतफेडीत काही सूट मिळाली. वहिनीच्या पाटल्या गेल्या, माझी एक ठेव मोडली, उरलेलं दादाच्या मित्रानं दिलं. पैसे भरले म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही, बरं का. गहाणमुक्तीचा दस्त करा, सिटी सर्व्हेला अर्ज द्या, मग नोंद कमी होणार. त्याला आणखी तीन महिने गेले.

बँकेचं कर्ज अजून आहे, हप्ता वेळेवर जातो. मधल्या काळात वहिनीच्या भावाचा दोन महिने पगार कापला गेला होता. ते पैसे दादानं दिवाळीत परत केले, पाकिटात घालून, वहिनीच्या हाती. स्वतः तासगावला तो अजून गेलेला नाही.