आधी बोट, मग पेन्सिल

बालमित्रांनो, तुमच्या घरी पहिलीत जाणारं छोटं भावंड आहे का? असलं तर "जरा याला गिरवायला घेऊन बस रे" हे आईचं वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. पुढे काय होतं तेही मला ठाऊक आहे! पाच मिनिटांत तुमचा आवाज चढतो आणि छोट्याचे डोळे भरून येतात.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. चौथीतली त्याची ताई रोज संध्याकाळी त्याला वहीत ठिपक्यांची अक्षरं काढून द्यायची. तो पानंच्या पानं गिरवायचा. पण कोऱ्या पाटीवर "ग काढ" म्हटलं की गप्प! मग घरी ओरडा. पुढे पुढे तर शाळेची वेळ झाली, की त्याचं पोट दुखायला लागायचं.

एकदा मी त्याच्या शेजारी बसून नुसतं पाहत राहिले. स्वारी 'ग'ची सुरुवात कान्याच्या खालच्या टोकापासून करत होती. एक ठिपका, मग दुसरा ठिपका... मुंगी चालावी तशी पेन्सिल! ठिपके जोडले जात होते, पण अक्षराचं वळण हाताला कळतच नव्हतं.

आम्ही वही मिटून ठेवली. एका ताटात रांगोळी पसरली. मी "ग" म्हणत बोटाने भला मोठा ग काढला. मग त्यानेही "ग" म्हणत त्याच रेघेवरून बोट फिरवलं. आधी डावीकडची गाठ, मग वरून खाली काना, शेवटी डोक्यावरची आडवी रेघ. चुकलं तर ताट हलवायचं, की झालं कोरं! खोडरबर नाही, ओरडा नाही.

ही युक्ती माझी नव्हे बरं का. पूर्वी आपल्याकडे फळीवर धूळ पसरून तीवर अक्षरं काढत. तीच धूळपाटी आणि तीच धुळाक्षरं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली इटलीत, रोम शहरात बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत मुलं खरखरीत कागदाची अक्षरं बोटांनी गिरवतात. आपल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच शिकवण्याचं साधन केलं.

आणखी एक गंमत. अ, आ, इ याच क्रमाने गेलं पाहिजे असं नाही. ग, म, भ, न ही एका वळणाची भावंडं. भ म्हणजे डोक्याशी मुरड घेतलेला म! तसेच व, ब, क. 'व'च्या पोटात तिरकी रेघ दिली की ब, उजवीकडे शेपूट दिली की क. एक वळण हातात बसलं, की बाकीची पटापट येतात.

आमचा गडी ग, म, न शिकला आणि एके दिवशी पाटीवर 'गगन' लिहून मोठ्याने वाचता झाला. त्यानंतर पोटदुखी कुठे पळाली, कोण जाणे! त्याची ताई तर आता वर्गातल्या मैत्रिणींना ताटाची युक्ती सांगत होती.

तेव्हा दादा-ताईंनो, आज एक ताट घ्या. रांगोळी नसली तर रवा चालेल, आईला विचारून हं! छोट्याचा हात घट्ट धरून ओढू नका. तुम्ही काढून दाखवा, त्याला काढू द्या. दहा मिनिटं पुरे. आणि पालकांनो, बोटं अजून कोवळी आहेत. पेन्सिलीची घाई नको.

वहीतल्या नमुन्याला आपण कित्ता म्हणतो. पण लहान मुलं अक्षरांइतकाच आपल्या बोलण्याचाही कित्ता गिरवतात. तो रागाचा असावा की मायेचा, हे तुम्हीच ठरवा.