दप्तर फक्त लिपिकाचं नाही

हाडाचा शिक्षक मुख्याध्यापकही चांगलाच होणार, असं मी कित्येक वर्षं ठामपणे मानत आलो. दप्तर लिपिकाने सांभाळावं, आपण वर्ग. नेमणुकीची आपली पद्धतही याच समजुतीवर उभी आहे. खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत मुख्याध्यापकपदासाठी पात्रता, अध्यापनाचा अनुभव आणि सेवाज्येष्ठता पाहतात; हिशेब कळतो का, माणसं सांभाळता येतात का, हे कुणी विचारत नाही.

माझं मत पालटलं ते शाळेच्या प्रवेशनोंदींच्या जनरल रजिस्टरमुळे. मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर नवा असताना एक तरुण आजोबांच्या प्रवेशनोंदीचा उतारा मागायला आला. जातपडताळणीसाठी ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. लिपिकाने तळच्या कप्प्यातलं रजिस्टर काढलं. पानांच्या कडा हाताला लागताच तुटत होत्या, पण नोंद शाबूत होती: पूर्ण नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, कुठेही खाडाखोड नाही. त्या एका ओळीवर नातवाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश अडला होता.

तेव्हापासून नव्या प्रवेशाची प्रत्येक नोंद मी स्वतः तपासतो. आधारवर एक तारीख, जन्मदाखल्यावर दुसरी, हे नेहमीचंच. रजिस्टरात एकदा चढलेली तारीख शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय पुढे बदलता येत नाही. म्हणून कामाचा खाडा करून आलेल्या बापाला समोर बसवून ओळन् ओळ वाचून दाखवावी लागते. लिहिण्याचं काम लिपिकाचं. पण त्या माणसाला घाई न करता, त्याचा मान राखून ऐकायला लावणं, हे मुख्याध्यापकालाच जमलं पाहिजे.

पोषण आहाराचा साठा, शालार्थमधली वेतनबिलं, यू-डायसची माहिती, हे सरावाने येतं. संचमान्यतेचं तसं नाही. 30 सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदं ठरतात, आणि आधार जुळलेलीच मुलं धरली जातात. एका मुलाच्या नावातली वेलांटी राहिली म्हणून पद जाऊ शकतं. शिवाय पट नुसता मोजून भागत नाही, तो टिकवावाही लागतो. आमच्याकडची ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडं दिवाळीच्या आसपास हलतात. ती हलण्याआधी वस्तीवर जाऊन कुणाचं मूल आजीपाशी राहतंय, कुणाचं कारखान्यावर चाललंय, हे विचारावं लागतं. जाणाऱ्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावं लागतं. दाखला नाही म्हणून तिकडची शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हा शिक्षण हक्क कायदा आईला तिच्या भाषेत सांगावा लागतो. याला मी आता कारकुनी म्हणू शकत नाही. पट टिकवणं आणि मूल टिकवणं इथे एकच काम होऊन जातं.

म्हणून माझी मागणी आहे: पदोन्नतीचा आदेश देण्याआधी त्या शिक्षकाला अख्खा सप्टेंबर महिना कार्यालयात बसवा. रजिस्टर वाचायला, कीर्द लिहायला आणि वस्तीवर फिरायला लावा. त्याचे तास तेवढ्यापुरते दुसऱ्यांनी घ्यावेत, आणि त्यासाठी तासिका तत्त्वावर शिक्षक शासनाने द्यावा.